सुगीतले चार दिवस : पायली, गुंठा आणि स्क्वेअर फूट

दिवस १, शुक्रवार : पुणे ते बेळगाव

आज्जीनं फोनवर एवढंच सांगितलं, "भात कापून पडलंय, यायचं तर आता ये, नायतर मग नुसतं जेवायलाच ये." आता यावर काय बोलणार, दोन दिवस सुट्टी टाकली, शनिवार-रविवार जोडून घेतला आणि स्वारगेटवरून सकाळची एसटी पकडली. डिसेंबरातलं बेळगाव म्हणजे थंडी, धुकं आणि सुगी. सुगी हा शब्द पुण्यात कोणाला सांगितला तर सुगीचे दिवस म्हणजे पैसेबिसे असं काहीतरी वाटतं त्यांना, आमच्याकडं तो सरळ कापणी-मळणीचा सीझन आहे, घरात माणूस नसतं, कुलूपही नसतं, सगळे शेतात.

आजोळच्या गावाचं नाव लिहीत नाही. येळ्ळूर-वडगाव पट्ट्यातलं समजा. मामाची तशी अटच आहे, नाव लिहिलं की प्लॉटवाल्या एजंटांचे फोन येतात म्हणे. (फोन तसेही येतात, ते पुढं सांगते.)

प्रवासाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, साताऱ्याच्या पुढं सहापदरी रस्त्याचं काम आणि डायव्हर्जन, कंबर मोडली. एक गंमत मात्र झाली. मार्च २०२३ पासून महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण ते राज्याच्या हद्दीपर्यंतच, त्यामुळं कंडक्टरनं सीमेपर्यंत हाफ आणि पुढचं फुल्ल असा हिशोब घातला. आणि कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेत साध्या बसमधून बायकांना फुकट प्रवास आहे, पण आधारकार्ड कर्नाटकातलं पाहिजे, माझं पुण्याचं. म्हणजे बेळगावची पोर असून मी दोन्हीकडून गेले.

कोगनोळीचा टोलनाका गेला, निपाणी आली. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींबरोबर हजारो शेतकरी याच हायवेवर येऊन बसले होते. मामा तेव्हा शाळेत होता आणि त्याचे एक लांबचे काका भाकऱ्या बांधून तिकडं गेले होते, ही गोष्ट त्यानं आम्हाला इतक्या वेळा सांगितलीय की आपणच तिथं होतो असं वाटतं. मग तवंदी घाट, संकेश्वर, आणि काकती. पूर्वी काकती गेल्यावर जरा वेळानं बेळगाव यायचं, आता मधे रिकामं फार काही उरलंच नाही.

स्टँडवर मामेभाऊ गाडी घेऊन उभा. गळ्यात कंपनीचं आयकार्ड, उद्यमबागेतून शिफ्ट संपवून थेट आलेला. कपिलेश्वरचा पूल, शहापूर, वडगाव. वडगावात एका गल्लीत मागांची खटखट ऐकू आली, बरं वाटलं, पण पुढच्या तीन गल्ल्या शांत होत्या. रस्ते मात्र गुळगुळीत. "अधिवेशन हाय न्हवं," भाऊ म्हणाला. हलग्याजवळचं सुवर्णसौध, म्हणजे कर्नाटकचं इथलं विधानभवन, २०१२ साली झालं, तेव्हापासून हिवाळी अधिवेशन आलं की बेळगावात डांबर पडतं, लॉज भरतात आणि पोलीस दिसतात, हे आमचं दरवर्षीचं पंचांग.

दारात आज्जी. "आत्ता येउलालीस व्हय गं? काय करुलालीस इतका वेळ?" ही 'लालीस' कानावर पडली की माझं खरं पोचणं होतं.

दिवस २, शनिवार : शिवार

पहाटे साडेपाचला उठवलं. धुकं एवढं की गोठ्यातली म्हैस दिसेना, नुसता आवाज. भाकरी, खर्डा, चहा, आणि चालत शिवारात.

हे बेळगावच्या दक्षिणेचं शिवार म्हणजे काळी चिकणमाती, बासमतीची. बेळगाव बासमती म्हणून जो तांदूळ पूर्वी नावाजलेला होता तो इथलाच, येळ्ळूर, शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवारातला. आता इंद्रायणी वगैरे बरंच आलंय, पण आज्जी घरापुरता एक तुकडा बासमतीचाच ठेवते. आणि भात निघालं की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा टाकायचा, वर पाणी द्यायची गरज नाही, जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर पीक येतं. हे चक्र माझ्या पणजीच्या काळापासून तसंच आहे, त्यात फरक नाही.

फरक बांधावर उभं राहिलं की दिसतो. डावीकडं राजहंसगड, त्यावर शिवाजी महाराजांचा नवा पुतळा (२०२३ च्या मार्चमध्ये त्याचं एकाच आठवड्यात दोनदा उद्घाटन झालं, दोन पार्ट्या, दोन फिती, लोकांनी दोन्हीकडं जेवून घेतलं असं मामा म्हणतो). उजवीकडं शहर. लहानपणी उजवीकडं पण भातच दिसायचं, आता तिथं चार मजली, पाच मजली, पाण्याच्या टाक्या, आणि त्याच्या अलीकडं पांढरा रंग मारलेले दगड पुरलेले, म्हणजे तिथं लेआऊट पडलाय. आणि शिवाराच्या अंगावरून हलगा-मच्छे बायपास. या रस्त्यासाठी शेतकरी वर्षानुवर्षं कोर्टात आणि रस्त्यावर भांडतायत, उभं पीक असताना मशिनी आल्या तेव्हा बायका मशिनीसमोर जाऊन बसल्या, आमची मामीपण होती त्यात. तिला विचारलं भीती नाही वाटली का, तर म्हणाली, "भीती कसली, ऊन लई हुतं."

आणि बळ्ळारी नाला. शहराचं सांडपाणी घेऊन हा नाला शिवारातून जातो, पावसाळ्यात फुगतो आणि भातात घुसतो. शहर आपल्याला रस्ते देतं की नाही माहीत नाही, घाण मात्र न चुकता पाठवतं. हे माझं मत, मामाचं यावर मत विचारू नये, शिव्या लिहिता येत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. बांधावर बसून चहा पिताना मी सहज विचारलं की आपलं शेत नेमकं किती आहे. तर तीन उत्तरं आली. आज्जी म्हणाली, "ही पट्टी चार पायल्याची, पलीकडची दोन पायल्याची." पायली म्हणजे धान्य मोजायचं माप, तेवढं बी पडतं त्यात. मामा म्हणाला, "सगळं मिळून एकर आणि सा गुंठं." आणि भावानं मोबाईल काढला, एकराला चाळीस गुंठे, गुंठ्याला एक हजार एकोणनव्वद, आणि स्क्वेअर फुटात आकडा सांगितला, पन्नास हजाराच्या वर. तीस बाय चाळीसचा प्लॉट म्हणजे बाराशे स्क्वेअर फूट, रस्त्याला सोडून किती प्लॉट बसतील तेपण त्यानं सांगितलं. त्याला विकायचं नाही हं, तो मनात आलेलं गणित मोठ्यानं करतो एवढंच. पण तो आकडा ऐकून कोणीच काही बोललं नाही, आज्जीनं कपात उरलेला चहा बांधावर ओतला आणि विळा उचलला.

भात हातानंच कापलं होतं. हार्वेस्टर का नाही आणलं असं मी विचारलं आणि माझं अज्ञान उघडं पडलं. मशिन तासाभरात शेत मोकळं करतं खरं, पण पिंजराचा, म्हणजे भाताच्या काडाचा, चुरा करून टाकतं, म्हशीनं खायचं काय? ज्यांच्याकडं जनावर राहिलं नाही ते मशिन बोलावतात, ज्यांच्याकडं आहे ते विळा. म्हणजे गावात कुठं हार्वेस्टर फिरतंय हे बघून कोणाच्या गोठ्यात काय उरलंय ते सांगता येतं. आमच्या बांधाला लागून तिन्ही बाजूंनी मशिन फिरलेलं होतं.

पण मग माणसं कुठून आणायची? मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही. इथं मला या ट्रिपमधली सगळ्यात भारी गोष्ट कळली. पूर्वी पैरा असायचा, आज तुझ्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तू, पैशाचा व्यवहार नाही. मला वाटलं होतं ते संपलं. संपलं नाही, ते शिफ्टवर गेलंय! भाऊ आणि त्याचे आठ-दहा मित्र, कोणी उद्यमबागेत सीएनसीवर, कोणी फाउंड्रीत, कोणी मच्छेच्या कारखान्यात. त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. ज्याची सेकंड शिफ्ट तो सकाळी कापणीला, ज्याची फर्स्ट शिफ्ट तो चारनंतर मळणीला, नाईटवाला दुपारी झोप झाली की भारे वाहायला. कोणी किती तास दिले ते ग्रुपवर लिहिलेलं, आणि सुगी संपेपर्यंत फिटाफिट झालीच पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी घेत नाहीत. दुपारी चारला पाच पोरं आली, दोघांच्या अंगात कंपनीचा निळा शर्ट तसाच, आयकार्ड शर्टाच्या खिशात कोंबलेलं. एकाच्या हाताला मशिनचं ऑईल होतं, तो आधी मातीनं हात घासून आला, भाताला वास लागेल म्हणून.

मळणी ट्रॅक्टरनं. उफणायला मात्र वारा पाहिजे आणि वारा पडलेला, मग शेजारच्या बोअरच्या खोलीतून वायर ओढून टेबल फॅन लावला. टेबल फॅनच्या वाऱ्यात आज्जी सूप घेऊन उभी, डोक्याला टॉवेल बांधलेला, भात एका बाजूला पडतंय, फोल पलीकडं उडतंय, आणि ती फॅनला दम देतेय, "जरा जोरात की रं!" भावानं तीनवर केला.

रास झाली, आज्जीनं राशीला नमस्कार केला, वर एक फूल ठेवलं, आणि मगच पहिली पायली भरली. मोजताना पहिल्या पायलीला एक म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. कंपनीच्या शर्टातली पोरं गप उभी होती तोवर, मोबाईलपण कोणी काढला नाही. मीच काढला होता, खाली घेतला.

संध्याकाळी एजंट आला. चांगला माणूस हो, ओळखीतलाच, चहा पितो, आज्जीच्या पाया पडतो. हातात उताऱ्याची झेरॉक्स. उतारा कन्नडमध्ये, मामाला वाचता येत नाही, त्याचं शिक्षण सगळं मराठी, सही येते तेवढी. भावाला येतं, शाळेत कन्नड विषय होता आणि कंपनीत अर्धे मित्र कन्नड. आपल्याच शेताचा कागद मुलाकडून वाचून घेताना मामाचा चेहरा बघवत नाही. आज्जीला कन्नड लिहिता-वाचता शून्य पण बोलायला फर्डी, बैलहोंगलकडून बांगडीवाली येते तिच्याशी तासभर गप्पा. असं आहे ते, बाहेरून बघणाऱ्याला वाटतं इथं नुसती भाषेची भांडणंच चालतात. भांडण आहेच, २०१४ मध्ये येळ्ळूरच्या वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य'चा फलक काढला तेव्हा काय झालं ते गावाला विसरता येत नाही, त्याच वर्षी एक नोव्हेंबरला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. पण भांडण कागदाशी असतं, बांगडीवालीशी नसतं.

एजंटाला मामा नाही म्हणाला नाही. हो पण म्हणाला नाही. "मसूर निघू दे, मग बघू," एवढंच. एजंट म्हणाला गेल्या वर्षीपण हेच म्हणालासा. मामा म्हणाला, "गेल्या वर्षीबी मसूर चांगला आलता."

दिवस ३, रविवार : उचगाव, कुद्रेमनी आणि पलीकडं

मामीची बहीण चंदगड तालुक्यात दिलीय, तिकडं स्कूटीवरून. बेळगाव-वेंगुर्ला रोड, हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा. या बाजूची माती वेगळीच, तांबडी, आणि सगळीकडं रताळी. लोक वेल बाजूला ओढून रताळी काढतायत, पोती भरतायत, बेळगावच्या मार्केट यार्डात पाठवतायत. रस्त्याकडेला थांबलो तर एका काकांनी ओळख ना पाळख चार रताळी हातात ठेवली, "शेकोटीत घाल, उकडू नको, उकडून बेचव होतंय." पैसे विचारले तर रागावले.

पुढं बाची, आणि लगेच शिनोळी म्हणजे महाराष्ट्र. सीमा बघायची म्हणून मी स्कूटी थांबवायला लावली, बघण्यासारखं काही नाही, रस्त्याचा रंग बदलतो आणि पाट्यांची लिपी बदलते. १९५६ पर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्यं झाली तेव्हा चंदगड सोडून बाकीचा जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. कागदावर तालुका तुटला पण सोयरिकी कोण तोडणार, आजही पोरी इकडच्या तिकडं आणि तिकडच्या इकडं. शिनोळीच्या एमआयडीसीत आमच्या बाजूची पोरं रोज कामाला जातात, कर्नाटकात झोपतात आणि महाराष्ट्रात पंचिंग करतात.

मावशीकडं जेवताना दोघी बहिणींची जुगलबंदी ऐकण्यासारखी. मामीला गृहलक्ष्मीचे दोन हजार, मावशीला लाडक्या बहिणीचे पंधराशे. मामीला बस फुकट, मावशीला अर्धं तिकीट. "बघ, तरी म्हणत हुते तिकडं देऊ नका," मामी म्हणाली. मावशी म्हणाली, "तुझं दोन हजार वेळेवर येतात काय आधी सांग." मग दोघींनी मिळून दोन्ही सरकारांचा उद्धार केला. माझ्यासारखीला सीमेपर्यंतचं अर्धं तिकीट सोडलं तर यांतलं काहीच मिळत नाही हे कळल्यावर दोघींना माझी फार दया आली आणि ताटात अजून एक वडा पडला.

परतताना एका गावात मारुतीच्या देवळात मिटिंग चाललेली. आमच्या सीमाभागात कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, सांबरा, कुद्रेमनी अशा गावांतून मराठी साहित्य संमेलनं भरतात, गाव भरवतं, ग्रंथदिंडी निघते, लेझीम, पोरींच्या नऊवाऱ्या, आणि आलेल्या सगळ्यांना जेवण. ही मिटिंग त्याचीच, आणि चर्चा साहित्यावर नव्हती, आमटीला डाळ किती लागेल यावर होती. एक आजोबा म्हणत होते गेल्या वेळी कमी पडली, परिसंवाद लांबला आणि लोक भुकेजले. मी बाहेर उभी राहून दहा मिनिटं ऐकलं. शेजारी एक लहान मुलगा इंग्लिश मिडियमच्या युनिफॉर्ममध्ये (रविवारी! बहुतेक आवडतो त्याला) चिप्स खात उभा. त्याला विचारलं संमेलनात तू काय करणार, तर म्हणाला, "मी शिवाजी." मराठी शाळेत किती मुलं उरलीत हे मला कोणाला विचारवलं नाही, देवळासमोरच शाळा होती, व्हरांड्यात भात वाळत घातलं होतं.

दिवस ४, सोमवार : जांबोटीकडं

खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं, आईची चुलत बहीण राहते, तिला भेटायला गेले. बस चुकली, दुसरी दीड तासानं, त्यामुळं पोचायला दुपार. रस्ता पुढं चोर्ल्यावरून गोव्याला जातो, वाटेत कणकुंबी, जिथं मलप्रभा उगम पावते.

इथं वेगळंच. बेळगावजवळ जमिनीला गिऱ्हाईक जास्त आणि इथं गावाला माणूस कमी. मावशीच्या वाडीत मोजून बावीस घरं, त्यातल्या नऊ घरांना कुलूप. पोरं सगळी गोव्यात, कोणी हॉटेलात, कोणी कंपनीत, कोणी ड्रायव्हर. घरं गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. रात्री गवे येतात, भात तुडवतात, म्हणून मावशीच्या घरच्यांनी खालचं शेत तसंच सोडून दिलंय, त्यात आता झुडपं. एकही एजंट इकडं येत नाही, मी मामाच्या एजंटाची गोष्ट सांगितली तर मावशी म्हणाली, "आमच्याकडं पाठव की त्येला, निदान कोणतरी येऊन बसंल."

हे ऐकून हसले मी, पण परतीच्या बसमध्ये तेच डोक्यात. कुलूप लावलेल्या घरांच्या ओट्या सारवलेल्या होत्या. कोण सारवतं विचारलं तर मावशीच. सगळ्या नऊ घरांच्या. का? तर, "दिवाळीला शेजाऱ्याच्या दारात अंधार कसा ठेवायचा?" दिवाळी होऊन महिना उलटला होता, सारवण ताजं होतं.

परत

मंगळवारी पहाटे भावानं स्टँडवर सोडलं, सातची शिफ्ट होती त्याची. आयकार्डाच्या दोरीत पिंजराची काडी अडकलेली, मी काढायला गेले तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे, रोजचंच हाय." पिशवीत कुंदा, रताळी आणि आज्जीनं दिलेला बासमती, या वर्षीचा नव्हे, गेल्या वर्षीचा, नव्याचा भात चिकट होतो म्हणून.

घरी पोचते तोच आज्जीचा फोन. तांदूळ बरोबर पोचला का, सांडला नाही न्हवं. मी काट्यावर ठेवून सांगितलं, सात किलो तीनशे ग्रॅम. "ते नको सांगू मला," आज्जी म्हणाली, "मी दोन पायल्या घातल्यात, दोन भरतात का न्हाई ते बघ."

सगळं स्वयंपाकघर धुंडाळलं, पायलीच्या मापाचं काहीच नव्हतं. शेवटी स्टीलच्या डब्यानं मोजले आणि सांगितलं, भरल्या. पहिल्या डब्याला लाभ म्हणालीस का, असं तिनं विचारलं. परत ओतून पहिल्यापासून मोजले.